जिन्याखालच्या खोलीतलं चीज

ज्या वर्षी फिटरच्या एकुलत्या एका मुलीने बापाला न विचारता लग्न केलं, त्याच वर्षी फिटर कारखान्यातून निवृत्त झाला. उन्हाळ्याच्या तोंडाला लग्न झालं आणि उन्हाळा सरता सरता निवृत्ती. चौतीस वर्षं पंप उघडून परत जुळवणारे हात एका दिवसात रिकामे झाले. कारखान्याने त्याला भिंतीवरचं मोठं घड्याळ दिलं, ते त्याने जेवणाच्या टेबलासमोर टांगलं.

मुलीवर त्याचा राग होताच, पण खरा राग होता बायकोवर. ती शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं मशीन होतं. मुलीचा लग्नातला निळा पोशाख तिने त्याच मशीनवर, त्याच्या डोळ्यांदेखत शिवला आणि गिऱ्हाइकाचा म्हणून सांगितला. मशीनचा पट्टा सैल झाला होता, तो फिटरनेच ताणून दिला. घेर सरळ पडतो का बघायला कापडाचं एक टोकही त्यानेच धरलं आणि वर म्हणाला, "झालाय बुवा झकास! कुणाची का असेना, पोरगी नशीबवान."

हे स्वतःचंच बोलणं त्याला पुढे कितीतरी दिवस जेवताना आठवायचं आणि तो ताट तसंच सारायचा.

तेव्हापासून नवरा-बायकोचं बोलणं तुटलं. अगदीच तुटलं असंही नाही, कारण एका घरात राहायचं तर मीठ संपतं, नळ गळतो, कुणीतरी दार वाजवतं. पण जे काही बोलायचं ते दोघंही घड्याळाकडे बघून बोलायची.

"कुणाला चहा हवा असेल तर तो गार होतोय," बायको घड्याळाला सांगायची.

"कुणीतरी साखर घालायची विसरलंय," फिटर घड्याळाला सांगायचा.

"ज्याला साखर बाधते त्याला कमीच घातलीय म्हणावं."

वरच्या मजल्यावर एक पोस्टमन राहायचा. तो म्हणायचा, "फिटर, तुमच्या घड्याळाचा मला हेवा वाटतो. माझ्याशी घरात कुणी इतकं बोलत नाही."

हात रिकामे राहिले की फिटरचं डोकं चालायला लागायचं आणि डोकं चाललं की तो निळा पोशाख समोर यायचा. म्हणून त्याने चीज करायला घेतलं. वाचनालयात एक पुस्तक मिळालं, त्यात आकृत्या होत्या, अंश होते, मिनिटं होती. ते त्याला आवडलं. पुस्तकात जिथे 'साधारण कोमट' असं लिहिलं होतं तिथे त्याने पेन्सिलीने फुली मारली आणि शेजारी बत्तीस अंश लिहिलं. दाब द्यायला त्याने आटे पाडलेल्या जुन्या दांड्याचा, स्क्रूसारखा आवळायचा शिकंजा तयार केला. साचा म्हणून पंपाचं एक पितळी आवरण घासूनपुसून घेतलं होतं, पण त्यातलं पहिलं चीज हिरवं निघालं, तेव्हा ते टाकून स्टीलचा डबा घेतला. दुसरं चीज इतकं चिवट झालं की पोस्टमनने विचारलं, "हे खायचं की याचा वॉशर कापायचा?" तिसऱ्याला मोज्यांचा वास आला. चौथं खाण्याजोगं होतं. फिटरने अर्धं एकट्याने खाल्लं. अर्धं बशीत झाकून टेबलावर ठेवलं होतं, ते दुसऱ्या दिवशी संपलेलं दिसलं. कसं झालं होतं, हे घड्याळानेही सांगितलं नाही.

अशी दोन वर्षं गेली. मग मुलीचं पत्र आलं. पत्र आईच्या नावाने होतं. बायकोने ते वाचलं आणि उघडंच टेबलावर ठेवून दिलं. मुलीला मुलगी झाली होती, तीन महिन्यांची होती. बाळ वर्षाचं झालं की चार दिवस राहायला येऊ, असं लिहिलं होतं. खाली एक ओळ होती: "बाबा नीट बोलणार असतील तर यांनाही घेऊन येईन. नाहीतर हे मला कोपऱ्यावर सोडतील आणि निरोपाची वाट बघतील."

फिटरने ती ओळ तीनदा वाचली. नीट बोलणं त्याला जमणार नव्हतं, हे त्याला स्वतःलाच ठाऊक होतं. माफ करतो म्हणायला त्याची जीभ वळली नसती आणि माफ कर म्हणायला तर मुळीच नाही. पण मुलगी लहान असताना तो दर शनिवारी कारखान्याच्या कँटीनमधून कडक चीजचा एक तुकडा कागदात गुंडाळून आणायचा. बाप-लेक जिन्याच्या पायरीवर बसून तो खायची. साल बापाची, आतलं लेकीचं. त्या वेळी दोघांनाही काही बोलावं लागायचं नाही.

नऊ महिने हातात होते आणि तसलं कडक चीज मुरायला नऊच महिने लागतात. फिटरने त्या रात्रीची झोप पुरी घेतली आणि सकाळी वीस लिटर दूध आणलं. दूध तापवलं, विरजण घातलं, मग फाडायच्या औषधाचे थेंब घातले. घट्ट झालेला थर सुरीने वाटाण्याएवढा कापला, हळूहळू गरम केला, निवळी गाळली, चोथा रचून ठेवला, कुस्करला, मीठ चोळलं, डब्यात भरून शिकंज्याखाली दिला. दोन दिवसांनी बाहेर काढलं तेव्हा ते गोल, पांढरं, बाळाच्या डोक्याएवढं होतं.

पुस्तकात लिहिलं होतं की त्याला अंगाबरोबर कापड बसवायचं आणि वरून लोणी चोळायचं. फिटर घड्याळाला म्हणाला, "कुणाच्या हाताशी मलमल असेल आणि वेळ असेल, तर एक झबलं शिवायचंय."

"माप कुणी घेतलंय का?" बायकोने घड्याळाला विचारलं.

त्याने माप कागदावर लिहून मशीनपाशी ठेवलं. संध्याकाळी कापड तयार होतं. टाके इतके बारीक की शिवण हाताला लागत नव्हती. दोन्ही तोंडं अगदी सारखी, वरची कुठली आणि खालची कुठली ते शिवणारीलाच ठाऊक. फिटरने चष्मा लावून शिवण पाहिली. 'झकास' हा शब्द त्याच्या ओठांवर आला होता, पण तो त्याने एकदा वापरून पाहिला होता.

चीज जिन्याखालच्या खोलीत फळीवर ठेवलं. खोली गार, फरशी दगडी, आत चाळीस वॅटचा एकच दिवा. आता काम एवढंच राहिलं होतं की रोज एकदा ते उलटवायचं, म्हणजे अंगातली ओल एकाच बाजूला बसत नाही.

दुसऱ्याच आठवड्यात फिटरला ताप आला आणि तो चार दिवस अंथरुणात पडला. बायको झाडू आणायला त्या खोलीत गेली तेव्हा चीज फळीला चिकटलेलं दिसलं. तिने ते हलक्या हाताने सोडवलं, फळी पुसली आणि चीज उलटं ठेवलं. ती मनात म्हणाली, हा माणूस विसरायला लागलाय. मागच्या महिन्यात दोनदा गॅस चालू ठेवून गेला होता. आणि या चीजवर काय टांगलंय ते तिला पत्रामुळे ठाऊक होतं. जावई कोपऱ्यावरून वर येणार की नाही, एवढं सगळं टांगलं होतं. तिने ठरवलं, आता हे आपणच बघायचं. सांगायला गेलं असतं तर म्हणाला असता, माझ्या कामात कुणी लुडबूड करू नये.

ताप उतरल्यावर फिटरने स्वतःला चार शिव्या दिल्या आणि त्यानंतर एकही दिवस चुकवला नाही. सकाळी सहाला तो खोलीत जायचा, दार लावून घ्यायचा, चीज उलटवायचा. खालची बाजू ओलसर लागायची. ते साहजिक आहे, असं म्हणून तो ती कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचा, कारण काम अर्धवट टाकणं त्याच्या स्वभावात नव्हतं. साडेसहाला तो दूध आणायला बाहेर पडायचा. दार वाजलं की बायको पदर खोचून खोलीत जायची, कोरड्या कापडावरून हात फिरवायची आणि चीज उलटवायची.

नऊ महिने हे असं चाललं. दिवसातला अर्धा तास सोडला, तर चीज नऊ महिने एकाच कुशीवर झोपलं होतं.

मुलगी आली ती एकटीच, बाळाला कडेवर घेऊन. जिना चढून आली तेव्हा धाप लागली होती. फिटरने दार उघडलं.

"बारीक झालात बाबा," ती म्हणाली.

"तू जाड झालीस," फिटर म्हणाला, आणि लगेच, "बस. बस ना."

हे त्याच्या मानाने बरंच होतं. बायकोने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढून मुलीकडे पाहिलं आणि मुलीने डोळ्यांनीच तिला 'थांब' म्हटलं. जावई कोपऱ्यावरच्या पानपट्टीसमोर उभा होता. खिडकीतून त्याची टोपी दिसत होती. फिटरलाही ती दिसली. त्याने पडदा ओढला नाही.

मग तो जिन्याखाली गेला आणि चीज दोन्ही हातांवर घेऊन आला. टेबलावर ठेवलं. मुलीचा चेहरा उजळला.

"शनिवारचं?" ती म्हणाली.

"शनिवारचंच. घरी केलंय. नऊ महिने झाले." त्याने सुरी हातात घेतली आणि सुरी टेकवून म्हणाला, "खाली उभं राहून पाय दुखतील. माणसाला वर बोलवायचं असेल तर…"

"आधी कापा," मुलगी हसून म्हणाली. "मग हाक मारते."

त्याने कापड उसवलं, सुरी रोवली आणि दाबली. वरचा भाग लाकडासारखा वाजला आणि तडकला. खालचा भाग सुरीला लागलाच नाही. आत करडा, पाणचट लगदा होता. वास असा आला की बाळ रडायला लागलं आणि मुलीने नाकाला पदर लावला.

फिटरने सुरी बाहेर काढली. "रोज उलटवलंय मी," तो म्हणाला. "एक दिवस चुकलो नाही. रोज सहाला."

स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली, "रोज?" आणि मग अगदी हळू, "मी साडेसहाला उलटवत होते. मला वाटलं, तुम्ही विसरता."

तीन वर्षांत ती पहिल्यांदाच घड्याळाकडे न बघता बोलली होती. तो क्षण दुसऱ्या कुठल्या घरात असता तर तिघंही हसली असती. मुलीच्या ओठांवर हसू आलंही होतं.

पण फिटरने सुरी टेबलावर आपटली. "पाठीमागून!" तो ओरडला. "तू जे काय करतेस ते पाठीमागूनच करतेस! तेव्हाही माझ्याच हातात टोक दिलंस आणि माझ्याच पाठीमागून पोरगी घालवलीस!"

"पोरगी इथे उभी आहे, बाबा," मुलगी म्हणाली.

"तुला कोण बोललंय?"

"नाहीच कुणी बोललं. तीन वर्षं नाही बोललं." तिने बाळाचं टोपडं बांधलं. "आई, मी निघते. पिशवी अजून सोडली नाहीये, तेवढं बरं झालं."

"अगं, चार दिवस म्हणाली होतीस. निदान जेवून तरी…" बायको म्हणाली.

"वास बसलाय गं घरात."

खिडकीतून फिटरला टोपी दिसली, मग टोपीशेजारी मुलगी दिसली. जावयाने पिशवी घेतली आणि वर पाहिलं नाही.

तो सबंध आठवडा घड्याळाशीसुद्धा कुणी बोललं नाही. मग एका सकाळी फिटरने पुन्हा वीस लिटर दूध आणलं. चीज शिकंज्यातून निघालं तेव्हा मशीनपाशी नवं कापड शिवून ठेवलेलं होतं. माप कुणी मागितलं नव्हतं. या वेळी एका तोंडावर निळ्या दोऱ्याचा एक टाका होता. जिन्याखालच्या खोलीत खिळ्याला कॅलेंडर लटकवलेलं होतं, त्याला दोरीने पेन्सिल बांधलेली.

फिटरला समजलं. सकाळी त्याने चीज उलटवलं आणि तारखेखाली एक तिरकी रेघ मारली. दुसऱ्या सकाळी गेला तर रेघेशेजारी बारीक फुली होती, टाक्यासारखी, आणि निळा टाका वर आलेला. सकाळी तो, संध्याकाळी ती. ठरवलं कुणीच नाही. वर्ष सरत आलं तरी त्या कॅलेंडरवर रेघ आहे आणि फुली नाही असा एक दिवस नव्हता. फिटर कधी कधी दिव्याखाली उभा राहून मागची पानं चाळायचा. एकदा, वाढदिवस होता तिचा, त्याने रेघ मारल्यावर पेन्सिल तशीच धरून ठेवली. 'शिवण चांगली आहे' एवढं लिहायचं होतं. मग म्हटलं, लिहू कधीतरी.

मुलीला पत्र लिहायचंही तसंच राहिलं. नऊ महिने झाले तरी, चीज अजून थोडं मुरू दे, मग लिहू, असं त्याचं चाललं होतं.

आणि एका सकाळी कालच्या तारखेखाली फुली नव्हती. निळा टाका आदल्या दिवशी त्याने ठेवला होता तसाच होता. फिटर वर आला आणि पुढच्या खोलीच्या बंद दाराला ऐकू जाईल अशा आवाजात घड्याळाला म्हणाला, "काल कुणीतरी विसरलं! आणि म्हणे मी विसरतो!"

उत्तर आलं नाही. चहाही ठेवलेला नव्हता. आदल्या संध्याकाळी ती जेवायला बाहेर आली नव्हती. तिचं ताट झाकून तो आपल्या खोलीत झोपायला गेला होता, कारण विचारायचं तर बोलावं लागलं असतं. त्याने दार ढकललं. ती मशीनवर डोकं टेकून बसली होती. मशीनची सुई कापडातच होती.

मुलगी आली, जावईही आला. या वेळी तो कोपऱ्यावर थांबला नाही आणि फिटरने त्याला बस म्हटलं. सगळं आटोपून आल्यावर फिटरने चीज वर आणलं, कापड सोडवलं, कापलं. ते पिवळंधमक होतं, कडेपर्यंत एकसारखं. त्याने साल काढली आणि आतला तुकडा मुलीपुढे केला.

"नको बाबा," ती म्हणाली. "आज काही खाववत नाही."

तिने टेबलावरचं कापड उचललं, निळ्या टाक्यावरून अंगठा फिरवला. "हे आईने शिवलंय ना?"

"हो."

तिने कापडाची घडी केली आणि पिशवीत ठेवली. संध्याकाळच्या गाडीने ती दोघं गेली. चीज टेबलावर राहिलं. पोस्टमनने थोडं नेलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की असं चीज त्याने जन्मात खाल्लं नाही.

फिटरची बायको वारली ती सोमवारी संध्याकाळी, मुलीच्या लग्नाला चार वर्षं पुरी व्हायला अकरा दिवस उरले असताना. फिटरला ते कळलं मंगळवारी सकाळी, सहा वाजून गेल्यावर.