ठोकलं तर थांबायचं

आमच्या रेसमध्ये एक नियम आहे आणि तो कुठेही लिहिलेला नाही. आपल्या चुकीने दुसऱ्याची गाडी घसरली, तर बाजूला होऊन थांबायचं. तो सावरून रस्त्यावर आला की त्याला पुढे जाऊ द्यायचं आणि मग आपण निघायचं. बस. गाड्या खोट्या, रस्ता खोटा, सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावर. पण पुढच्या गाडीतला माणूस खरा असतो. तो कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी खोलीत, माझ्यासारखंच स्टीअरिंग टेबलाला आवळून बसलेला असतो. त्याचा रविवार मातीत घालायचा मला काय हक्क?

हे मला कुणी शिकवलं नाही. मी गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. एकोणीस वर्षं झाली. दोन रॅकांमधल्या गल्लीत दोन फोर्कलिफ्ट समोरासमोर आल्या की ज्याच्यावर माल नाही तो मागे सरकतो. हे सांगावं लागत नाही. ज्याला सांगावं लागतं, त्याच्या नाहीतर दुसऱ्या कुणाच्या पायावर कधीतरी अर्धा टन पडतो.

ऑनलाइन रेसमध्ये कुणाच्याच पायावर काही पडत नाही. सगळा घोळ तिथेच आहे.

या महिनाअखेरीला आमच्या गोदामात बिनचालकाच्या फोर्कलिफ्ट येणार आहेत. आम्हा सहाही जणांना एका खोलीत बसवून मॅनेजरने ते सांगितलं. म्हणाला, "तुमची काहीतरी सोय बघू." ज्याला खरंच सोय बघायची असते तो खिडकीबाहेर बघत बोलत नाही. उरलेल्या पाचांपैकी दोघं त्याच दिवशी दुसरीकडे विचारायला गेले आणि त्याच दिवशी परत आले. सगळीकडे तीच यंत्रं येणार आहेत.

माझ्याकडे एकच दार उघडं होतं. आमची ऑनलाइन स्पर्धा भरवतो तो माणूस एका मॉलमध्ये रेसिंग सेंटर चालवतो. आठ खुर्च्या, आठ स्टीअरिंग, आठ पडदे. त्याने हंगामाच्या सुरुवातीलाच जाहीर केलं होतं की गुणांमध्ये जो पहिला येईल, त्याला सेंटरवर शिकवायची नोकरी. ब्रेक कुठे दाबायचा, कसा सोडायचा, शेजारी गाडी असताना वळणात तिच्यासाठी जागा कशी ठेवायची, हे शिकवायचं. पगारी, कायमची. बेचाळीस वर्षांच्या, फोर्कलिफ्टशिवाय काही न येणाऱ्या माणसाला असं काम दुसरं कोण देणार होतं?

हेडसेटवर सगळे मला काका म्हणतात. तिथले बहुतेक माझ्या निम्म्या वयाचे आहेत. माझ्या वयाचा एकच, मास्तर. तो कुठल्यातरी शाळेत भूमिती शिकवतो. मी त्याचा चेहरा कधी पाहिलेला नाही. एकदा आम्ही सलग नऊ लॅप शेजारीशेजारी पळवले आणि एकदाही घासलो नाही. वळणात तो आत असला की मी बाहेर एका गाडीइतकी जागा सोडायचो, मी आत असलो की तो सोडायचा. रेस संपल्यावर तो म्हणाला, "काका, नऊ लॅप तुमच्या भरवशावर होतो." हे मी बायकोला दोनदा सांगितलं. तिने दोन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.

आणि गेंडा. हे नाव त्याने स्वतःच घेतलंय आणि त्याचा त्याला अभिमान आहे. गेंडा वळणाआधी ब्रेक दाबत नाही, पुढची गाडीच ब्रेक म्हणून वापरतो. तिच्यावर आदळून याचा वेग कमी होतो, ती वाळूत जाते, हा वळतो. मग हेडसेटवर, "सॉरी सॉरी, नेट अडकलं." त्याचं नेट फक्त वळणावर अडकतं. सरळ रस्त्यावर कधी अडकलेलं नाही.

शेवटच्या रेसच्या आधी गेंडा आणि मी बरोबरीत होतो. मास्तर आमच्याही वर होता, पण त्याला शाळा होती. त्याने नोकरीसाठी नाव दिलंच नव्हतं. म्हणजे हिशेब सरळ होता. गेंड्याच्या पुढे रेस संपवायची. पहिला ये, नाहीतर विसावा ये, तो मागे पाहिजे.

रविवारी दुपारी मेहुणा बघायला आला. आल्या आल्या त्याने माझ्या पेडलकडे पाहिलं. ती सरकू नयेत म्हणून मी फळीला स्क्रू मारून फळी भिंतीला टेकवली होती.

"भाऊजी, गाडी परवडत नाही म्हणून सुटे भागच घेतलेत का?"

"गप्प बस, नाहीतर बाहेर काढीन."

"काढा की. पण आधी हॉर्न द्या."

"अरे, त्यांना चालवू दे," बायको आतून म्हणाली. "आणि पाय वर घे, फरशी ओली आहे."

ब्रेक दाबणं कुणालाही येतं. कठीण असतं ते सोडणं. वळणात शिरताना पाय एकदम उचलला की पुढच्या चाकांवरचं वजन मागे पळतं, चाकं पकड सोडतात आणि तुम्ही स्टीअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळ भिंतीकडे निघते. पाय थोडा उचलायचा, स्टीअरिंग थोडं वळवायचं, पुन्हा थोडा, पुन्हा थोडं. अंड्यांची खोकी डोक्याच्या वर रचून ज्याने उतार उतरलाय, त्याला हे समजावून द्यावं लागत नाही. पोरं मला विचारतात, काका, इतक्या जुन्या पेडलवर तुम्ही इतके वेगात कसे? वेगात नाही रे बाबांनो. मी फक्त कमी वेळा चुकतो.

वीस लॅपची रेस. सतराव्या लॅपला मास्तर दुसरा, मी तिसरा आणि गेंडा चौथा, माझ्या अगदी शेपटीला. त्याच्या गाडीचं लाल तोंड माझ्या आरशात मावत नव्हतं. सरळ रस्ता संपतो तिथे उलटं फिरणारं वळण आहे. तिथे शंभर मीटरच्या पाटीवर ब्रेक दाबायचा. मी ते वळण हजार वेळा घेतलंय.

मी पाटी बघितलीच नाही. मी आरसा बघत होतो. आता हा येणार, आता हा मला ब्रेक करणार, एवढंच डोक्यात होतं. पाय पडला तेव्हा पाटी मागे गेली होती. माझं नाक मास्तरच्या मागच्या चाकाला लागलं. त्याची गाडी एक गिरकी घेऊन वाळूत गेली.

चूक माझी. आरशाची नाही, गेंड्याचीही नाही. मी ठोकलं.

पुढचं काही मी ठरवून केलं नाही. पाय वर आला, गाडी कडेला गेली, गवतावर थांबली. गेंडा शेजारून गेला. "थँक्यू काका!" हेडसेटवर त्याचा आवाज आला. मग अजून दोन गाड्या, मग अजून चार.

"भाऊजी, निघा! काय करताय?"

"मास्तरला येऊ दे."

"अहो, तो लाल पुढे गेला! नोकरी चालली तुमची!"

"एक मिनिट."

"कुणासाठी थांबलाय?" मेहुणा खुर्चीवरून उठून पडद्याला नाक लावून उभा राहिला. "तिथं कुत्रंसुद्धा नाहीये!"

मी वाळूकडे पाहिलं. चाकांच्या खुणा होत्या, गाडी नव्हती. बाजूच्या यादीत मास्तरचं नाव राखाडी झालं होतं. तो रेस सोडून गेला होता. कधी गेला, मला कळलंच नाही. मी चौदा सेकंद रिकाम्या वाळूसाठी थांबलो होतो.

मग मी चालवलं. तीन लॅप असं चालवलं की त्याआधी तसं कधी चालवलं नव्हतं. नववा होतो, सहावा आलो. गेंडा दुसरा आला.

मी हेडसेट काढून ठेवला. मेहुणा खोलीत येरझाऱ्या घालत होता. त्याला माझी काळजी होती, मला ते कळत होतं. म्हणूनच तो ओरडत होता.

"जगात कोण थांबतं हो? सांगा ना, कोण थांबतं? बँकवाला थांबतो? तुमचा मॅनेजर थांबला? आणि हे तर खेळातलं! ताई, सांग जरा यांना."

बायको दारात उभी होती. तिच्या हातात फडकं होतं.

"तू गप्प बस," ती भावाला म्हणाली. "ते थांबणारच होते. मी यांच्याशी लग्न केलंय. तुला माहीत नाहीत हे."

त्यावर मेहुणा चपला घालून गेला.

संध्याकाळी पंचांचा निकाल आला. मास्तरची धडक, संपूर्ण दोष माझा. मान्य. खाली दुसरी ओळ होती: रस्त्यालगत गाडी उभी करून इतरांना धोका निर्माण केला. त्याचे वेगळे दोषगुण. गेंड्याने या हंगामात किती जणांना वाळू चाखवली ते मी मोजायचं सोडून दिलंय. त्याच्या नावावर एकही दोष नाही. तो थांबत नाही ना! धडक चालत्या गाडीची, चौकशी थांबलेल्याची. ज्यांनी कधी आयुष्यात स्वतःची चूक कबूल केली नाही, ते पडद्यामागे बसून असले निकाल टाइप करतात आणि खाली हसरा चेहरा लावतात.

जेवणाआधी मास्तरने मला बोलायला बोलावलं. हेडसेटवर आम्ही दोघंच.

"काका, डोकं फिरलं माझं. दुसऱ्या कुणी ठोकलं असतं तर हसलो असतो. तुम्ही ठोकलंत म्हणून उठलो."

"माझी चूक होती, मास्तर. मी थांबलो होतो तुमच्यासाठी."

"नंतर कळलं." तिकडे कुणीतरी नळ बंद केला. "कशाला थांबलात? नोकरीचं होतं ना तुमचं?"

"तुम्ही थांबला असतात."

त्याने खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला.

"खरं सांगू? नसतो थांबलो. नोकरीचं असतं तर मीही नसतो थांबलो. राग मानू नका. पण उगाच माझ्यावर टाकू नका ते."

मी राग मानला नाही. राग मानायला समोर कुणीतरी लागतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की आम्ही दोघं आहोत. मी एकटाच होतो.

सोमवारी शिफ्ट सुटल्यावर मी सेंटरवर गेलो. मॉलचा तिसरा मजला, बुटांच्या दुकानाला लागून. आठही खुर्च्या भरलेल्या. प्रत्येक पडद्यावर कुणी ना कुणी कुणाला तरी ठोकत होतं आणि प्रत्येक धडकेला अख्खी रांग खिदळत होती. सेंटरवाला माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल. त्याने मला बाजूच्या बाकावर बसवलं.

"काका, तुमचा नंबर मी पाहिला. वाईट वाटलं. पण नियम म्हणजे नियम."

"मी गुणांचं बोलायला नाही आलो. शिकवायचं काम आहे ना? मला शिकवता येतं. गेंड्याला ब्रेकसुद्धा दाबता येत नाही."

"इथे ब्रेक शिकायला कोण येतं?" त्याने रांगेकडे हात केला. "हे बघा. यांना ठोकायचंय, ओरडायचंय. तो त्यांच्यात मस्त मिसळतो. तुम्ही ठोकल्यावर थांबा म्हणून सांगाल आणि माझ्या खुर्च्या रिकाम्या होतील."

"संध्याकाळचं काम तरी द्या. दोन तास. काहीही."

तो माझ्याकडे पाहत राहिला. विचार करत असावा. निदान मला तसं वाटलं आणि तेवढ्यावर मी बाकाच्या कडेला सरकून बसलो.

"एक विचारतो, खरं सांगा. उद्या परत तसंच झालं, तुमच्या हातून कुणी घसरला आणि मागून दुसरा येतोय. थांबाल?"

मला कळत होतं त्याला काय ऐकायचंय. महिनाअखेर दहा दिवसांवर होती. मला मॅनेजरची खिडकी दिसत होती, दुसरीकडे विचारून परत आलेले दोघं दिसत होते.

"नाही," मी म्हणालो. "नाही थांबणार."

"नक्की?"

"नक्की. सरळ निघून जाईन."

तो हसला. कुत्सितपणे नाही, अगदी मोकळेपणाने. त्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"बघा! मग तुमच्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला, काका? तसाच घ्यायचा तर तो काय वाईट? पंचवीस वर्षांचा आहे, दिवसभर उभा राहतो." आणि तो उठला, कारण चार नंबरच्या खुर्चीवरच्या पोराने स्टीअरिंग उपटून काढलं होतं.

मी चालत घरी आलो. बस होती, पण बसलो नाही.

बायको जेवायची थांबली होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ताट वाढायला घेतलं. पाठमोरी राहूनच विचारलं, "नाही म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"काय कारण दिलं?"

"विचारलं, परत तसं झालं तर थांबाल का."

तिचा हात थांबला. "मग?"

"म्हटलं, थांबणार. कितीही वेळा झालं तरी थांबणार."

ती वळली. तिचे डोळे भरले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती अशी हसली.

"बरं केलंत," ती म्हणाली. "नोकरी गेली तर गेली. तेवढं तरी आपल्याकडे राहिलं."

तिने ताट पुढे सरकवलं. मी हात धुवायला उठलो आणि नळ सोडून बराच वेळ तिथेच उभा राहिलो.