सावळीचा प्रवेश

जयाने कॅसेट थांबवली आणि मोजलं. दोन टेबलफॅन, तीन घड्याळं, एक फ्रीज, मिक्सरचे चार खोके, शोकेसमध्ये सतरा बाहुल्या. सत्तावीस वस्तू. नाटकातल्या नवऱ्याला बसायला जागा उरली नव्हती, तो खिडकीच्या कट्ट्यावर ताट घेऊन जेवत होता. बायको शेजारणीला सांगत होती, पुढच्या महिन्यात दुसरा फ्रीज येणार आहे. माणसं तीन. चौथं अजून यायचं होतं.

टीव्हीवरचं हे नाटक पंधरा वर्षांपूर्वी कल्याणच्या एका फ्लॅटमध्ये चित्रित झालं होतं. जयाची आई, सावळी, तिथे धुणीभांडी करायची. मोलकरीण होणारी नटी आली नाही, तेव्हा चहाचा ट्रे सावळीच्याच हातात दिला गेला. पुढल्या वर्षी ती काविळीने गेली. फोटो तिचा एकही नव्हता. जया तेव्हा तीन वर्षांची. चेहरा आठवायचा म्हटलं तर काहीच येत नसे.

फ्लॅटच्या मालकिणीने कॅसेट एका दिवसापुरती दिली होती. शहापूरचा फोटोवाला म्हणाला होता, पडद्यावर अर्धा चेहरा जरी मिळाला तरी उरलेला हाताने रंगवून देईन. अर्ध्याहून कमी असेल तर मी हात लावणार नाही, भलतीच बाई व्हायची.

तिने बटण दाबलं. पडद्यावर दार उघडलं. सावळी आली, ट्रे ठेवला, वळली, गेली. पदर पार नाकापर्यंत, मान खाली.

जया मागे नेऊन, थांबवून पुन्हा बघत राहिली. सहाव्या खेपेला पडद्यावर पांढऱ्या रेघा उठल्या. एकाच जागी थांबवून टेप घासली जात होती, हे तिला कळत होतं.

बारकू, तिचा बाप, टीव्हीपासून हातभर अंतरावर बसला होता. मोतीबिंदूमुळे त्याला नुसती हालचाल कळे.

"काय करते गो ती?"

"चहा देते, आबा."

"आन् तोंड? दिसतंय ना?"

जयाने टेप पुन्हा मागे नेली. बारकू चटईची काडी उचकटत राहिला. मग सांगू लागला. त्या दिवशी तो आणि त्याचा थोरला भाऊ गावचं तांदळाचं पोतं घेऊन तिथे पोचले होते. थोरल्याला वाटलं, दुकानच आहे. घड्याळाची किंमतही विचारून झाली. मग दोघं कॅमेऱ्यामागे उभे राहिले. नाटक बसवणारा साहेब तीनदा म्हणाला, बाई, मान वर करा. पण समोर थोरला दीर, त्याच्यापुढे ती तोंड उघडं करेना.

"तिनं माझ्याकडं बघलं," बारकू म्हणाला. "मी नुसती मान हलवली असती, तर घेतला असता तिनं पदर मागं."

"मग?"

"मी खुणावलं. अजून वढ म्हनून."

जयाने शेवटचं एकदा चित्र थांबवलं. कंपासमधली पट्टी काढून काचेवर धरली. डोक्यापासून हनुवटीपर्यंत अडतीस मिलिमीटर. त्यात पदराच्या काठाखाली उघडे सात.