वाघिणीचं विलायती इंजिन

अर्जुनरावांच्या स्टेशन वॅगनला उंद्री गावात कोणी वॅगन म्हटलं नाही. पहिल्या दिवसापासून ती 'वाघीण'. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलिटरीनं मोडीत काढलेली ती गाडी अर्जुनरावांनी आणली, लोहाराकडून पाठीमागं बाकडी बसवून घेतली आणि आडवाटेच्या गावांची माणसं खामगावच्या बाजाराला न्यायचा धंदा सुरू केला. महाराष्ट्र झाला, पक्क्या सडकेनं एष्टी धावू लागली. पण त्या कच्च्या वाटेला वाघिणीशिवाय कोणी फिरकत नव्हतं.

मनकर्णाबाईंचा संसार त्या इंजिनाच्या आवाजावर चाले. संध्याकाळी नाल्यापलीकडं घरघर ऐकू आली, की त्या तवा चुलीवर ठेवीत. गाडी दाराशी लागेस्तोवर पहिली भाकर फुगलेली असे. जेवण झालं की अर्जुनराव ओट्यावर बसून घासलेटात प्लग धूत आणि बाजारातल्या गमती सांगत. कोणाची कोंबडी गाडीतून उडाली, कोणाचा व्याही कोणाशी भांडला. चिमणीचा उजेड धरून मनकर्णाबाई खदखदून हसत.

मग काविळीनं अर्जुनराव गेले. पहिल्यापासून त्यांच्यासोबत असलेला रहेमतुल्ला गाडी चालवत राहिला. आवाजही तोच राहिला. माणूस गेल्यावरही संध्याकाळी तो आवाज यायचा आणि मनकर्णाबाईंचा हात आपसूक तव्याकडं जायचा. रहेमतुल्ला दारातूनच किल्ली देई, त्या त्याच्या बायकोसाठी, नूरबीसाठी, फडक्यात दोन भाकरी बांधून देत.

पण इंजिन थकलं होतं. तेल पाण्यासारखं पिऊ लागलं, धूर असा की मागं बसलेल्या बायांचे पदर काळे. चिखलीच्या गफ्फार मिस्त्रीनं झाकण उघडून पाहिलं आणि मान हलवली.

"भाभी," रहेमतुल्ला एक दिवस ओट्याखाली उभा राहून म्हणाला, "आता हे इंजिन नाई राह्यलं. याचे सामानबी कोठी भेटत नाई. मुंबईत विलायतेहून आलेले जुने डिझेल इंजिन भेटतात. गफ्फार म्हणते, बसवून देतो."

"आन् हे काढून फेकाचं?" मनकर्णाबाई एकदम म्हणाल्या. "इंजिनच काढलं तं मंग त्या गाडीत त्यायचं राह्यलं काय, रहेमतभाऊ?"

रहेमतुल्लानंही त्याच इंजिनावर उमर घालवली होती. दीर नारायणराव मात्र म्हणाले, "वहिनी, भंगारात देऊन टाका. काऊन जीवाले घोर लावता?" त्यावर त्या उठून आतच गेल्या.

पुढल्या बाजाराला मनकर्णाबाई स्वतः गाडीत होत्या. चढणीवर वाघीण खोकली, थरथरली आणि बसली. रहेमतुल्लानं हँडल मारून मारून हात सोलून घेतले. शेवटी माणसं उतरली, गाठोडी डोक्यावर घेऊन उन्हातून चालू लागली. कोणी वावगं बोललं नाही. उलट गोजरबाई म्हातारी जाता जाता बोनेटवर हात ठेवून म्हणाली, "लय वाहिलं बिचारीनं आमाले." मनकर्णाबाई खाली मान घालून उभ्या राहिल्या. एखाद्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ज्या गाडीनं माणसं न्यावीत म्हणून अर्जुनराव रात्रंदिवस खपले, ती आपण निव्वळ ऐकण्यासाठी ठेवली आहे, हे त्यांना तिथं उमगलं.

"रहेमतभाऊ," त्या म्हणाल्या, "कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे आले की मुंबईले जा."

इंजिन रेल्वेनं खामगावला उतरलं आणि बैलगाडीतून उंद्रीला आलं, पोत्यांत गुंडाळलेलं. पोती सोडली तेव्हा बघायला आलेल्या बायांनी त्याला हळदकुंकू लावलं. विलायतेत ते कोणत्या लॉरीला होतं कोण जाणे. अंगावर जुन्या हिरव्या रंगाचे पोपडे होते आणि कोण्या गोऱ्या मिस्त्रीनं छिन्नीनं कोरलेली दोन अक्षरं. गफ्फार त्यावर बोट फिरवून म्हणाला, "तिकळेबी आपलाच भाऊबंद असंन कोणी."

अंगणातल्या कडुलिंबाला कप्पी टांगली. जुनं इंजिन साखळीनं वर निघालं आणि हवेत हळूच गिरकी घेऊ लागलं. मनकर्णाबाईंनी दाराची चौकट घट्ट धरली. गफ्फारनं ते जमिनीवर अलगद टेकवलं, खाली आधी पोतं अंथरून. मग त्या पुढं झाल्या, पदरानं त्याच्यावरची धूळ पुसली आणि आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला.

नवं इंजिन जड आणि लांब. जुन्या बैठकीवर बसेना. गफ्फारनं गर्डरचे तुकडे तापवून नवी बैठक केली, वजन पेलायला पुढच्या स्प्रिंगच्या कमानींत एकेक पाटा वाढवला. सगळं जुळलं, तर बॅटरीत जीव नाही. "धक्का माराले माणसं बलवा!" रहेमतुल्ला ओरडला. पण ज्वारीची सोंगणी चालू होती, गल्लीत माणूस कुठला?

"बाया नाई दिसत का तुमाले?" मनकर्णाबाईंनी कासोटा खोचला. गोजरबाईची सून आली, नूरबी आली, शेजारपाजारच्या आल्या. हसत, घसरत, एकमेकींना ढकलत त्यांनी वाघीण पार देवळापर्यंत नेली. तिथं तिनं एक काळा ढग सोडला आणि जाड, संथ आवाजात बोलू लागली. सगळीकडं टाळ्या. मनकर्णाबाई मात्र धापा टाकत कान देऊन उभ्या होत्या. आवाज चांगला होता. त्यांच्या ओळखीचा नव्हता.

बाजाराच्या दिवशी त्या मागं चढायला गेल्या तर रहेमतुल्लानं पुढचं दार उघडलं. "भाभी, इथं बसा. मालक तुमी हाये."

इतकी वर्षं पुढं पाटील, मास्तर, तलाठी बसायचे. त्या मागं, बायांत. पुढच्या काचेतून त्यांनी तो रस्ता पहिल्यांदाच येताना पाहिला. आजवर मागच्या फळीवरून तो फक्त दूर जाताना दिसायचा. बाभळी समोरून येत होत्या, चढण समोरून आली आणि चाकांखाली गेली. अर्जुनरावांच्या डोळ्यांपुढं रोज हे होतं तर, असं त्यांच्या मनात आलं.

पहिल्या गावच्या पारावर माणसं बसली होती, पण कोणी उठेना. धुळीत गाडी धड दिसत नव्हती आणि हा आवाज तर वाघिणीचा नव्हेच! रहेमतुल्ला हॉर्नकडं हात नेणार, तोच चारचौघांत कधी मोठ्यानं न बोललेल्या मनकर्णाबाईंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"अवो, काऊन बसून राह्यले? आपलीच वाघीण हाये! चला, चढा!"

पारावर हशा पिकला. माणसं गाठोडी उचलून धावली. एका फेटेवाल्यानं सवयीनं पुढच्या दाराला हात घातला, आत मनकर्णाबाईंना पाहिलं आणि हसून मागं गेला.