माझ्यावर जिचं नाव आहे, ती कुठे आहे?

मी फार्मासिस्टच्या नोंदणीचा दाखला बोलतोय. औषधांच्या दुकानात भिंतीला टांगलेला असतो मी, आणि माझा जीवही कायम टांगणीलाच लागलेला असतो.

दाखल्यावर ज्याचं नाव, त्याने समोर असल्याशिवाय औषध द्यायचं नाही, असा नियम आहे. माझ्यावर नाव ताईचं आहे. कॉलेजात तिने रसायनांची नावं घोकली, प्रयोगवह्या मैत्रिणींच्या बघून उतरवल्या. आजारी माणसाशी काय बोलायचं, ते मात्र कुणी शिकवलं नाही. मी मिळालो तेव्हा तिने मला छातीशी धरलं होतं. मग तिच्या मामाने मला आपल्या औषधांच्या दुकानात लावलं. "नाव तुझं, दुकान मी बघतो," म्हणाला. ताई एका कारखान्यात नोकरीला लागली.

मामा वाईट नाही. म्हाताऱ्यांना बसायला स्टूल देतो. पण डॉक्टरांचं अक्षर तो अंदाजाने वाचतो.

एका सोमवारी एक आजोबा आले. सांधेदुखीवर नवी गोळी होती. चिठ्ठीत लिहिलं होतं, आठवड्यातून एकदा. मामाने सांगितलं, "रोज एक, जेवल्यावर." ओरडावंसं वाटलं, पण मला तोंड कुठे आहे? मंगळवारी दुसरी गेली असेल, बुधवारी तिसरी, असा माझा घोर वाढत गेला.

शनिवारी सकाळी आजोबा परत आले. ताईला सुट्टी होती, ती माझी झेरॉक्स काढायला आली होती.

"तोंड आलंय हो. पाणीसुद्धा गिळवत नाही."

"हे मलम लावा, बरं वाटेल," मामा म्हणाला.

ताईने मलम हातातच धरलं. "आजोबा, दुसरी कुठली गोळी चालू आहे का?"

त्यांनी खिशातून पाकीट काढलं. पाच गोळ्या संपल्या होत्या.

"मामा, ही आठवड्याला एकच असते. तू रोज सांगितलीस?"

"गोळी रोजचीच असते ना गं?" मामा म्हणाला आणि मटकन स्टुलावर बसला.

ताई त्या पाकिटासकट आजोबांना हॉस्पिटलात घेऊन गेली.

आता तिने नोकरी सोडली आहे. माझ्याखाली उभी राहून प्रत्येकाला विचारते, आणखी काय चालू आहे, कधी घेता. मामा शेजारी उभा राहून ऐकतो, तिला दाखवल्याशिवाय गोळी देत नाही. आजोबा अजून हॉस्पिटलातच आहेत. जास्तीच्या गोळ्यांनी बिघडलेलं रक्त अजून सुधारलं नाही म्हणतात. कुणी पायरी चढलं की मला वाटतं, तेच आले.

तुम्ही औषध घेता त्या दुकानातही माझ्यासारखा एखादा टांगलेला असेल. त्याच्यावरचं नाव वाचा आणि ते माणूस कुठे आहे, विचारा. मला तोंड नाही, तुम्हाला आहे.