मी मोजलेला सर्वांत गडद पिवळा

मित्रांनो, मी एक जुने रंग मोजणारे यंत्र आहे. नवखे लोक मला प्रिंटर समजतात आणि कागद कुठून घालायचा ते विचारतात! मी राहते लस बनवणाऱ्या प्रयोगशाळेत. लस टोचलेल्या उंदरांच्या रक्तातला निवळ भाग एका तबकडीच्या खळग्यांत घालतात. त्यात रोगाशी लढणारी प्रतिपिंडे असली तर खळगा पिवळा होतो. जितकी प्रतिपिंडे जास्त, तितका रंग गडद. त्यातून प्रकाश सोडून मी आकडा सांगते.

नवी होते तेव्हा माझी काय वट होती! मग शेजारी नवे यंत्र आले आणि माझ्या डोक्यावर हातमोज्यांची खोकी आली.

माझी काच पुसायची ती एकटी ताई, इथली संशोधक. तिचे वडील लस घेऊनही आजारी पडले होते, मरता मरता वाचले. म्हाताऱ्या शरीरात लशीने प्रतिपिंडे फारशी तयार होत नाहीत. ताईने ते मनाला लावून घेतले. जुन्या लशीत विषाणूचे तुकडे सुटे असत. तिने ते एका सूक्ष्म गोळ्यावर दाटीने बसवले, टाचण्या खोचलेल्या उशीसारखे, म्हणजे ते शरीराच्या नजरेतून सुटायला नकोत. काय डोके म्हणायचे! कितीदा गोळा फुटला, कितीदा तुकडे गळून पडले. ही आपली पुन्हा कामाला लागायची.

अखेर म्हाताऱ्या उंदरांची तबकडी आली. या खेपेला जमले नाही तर काम बंद, असे प्रमुखांनी बजावले होते. नवे यंत्र नेमके दुरुस्तीला गेलेले. मी प्रकाश सोडला आणि ओळीने एकच शब्द उमटवला, ‘मर्यादेबाहेर’.

“गेलं कामातून!” ताईचा सहकारी म्हणाला. “भंगारात द्या ते.”

“उंदीर म्हातारे, यंत्रही म्हातारं,” प्रमुख म्हणाले. “ताई, आता पुरे करू या.”

माझा जीव टांगणीला लागला.

“थांबा हो, आधी साधं पाणी मोजून बघू,” ताई म्हणाली.

पाण्याचा आकडा मी बिनचूक सांगितला. ताई तबकडीकडे बघत राहिली आणि एकदम हसली.

“यंत्र ठणठणीत आहे, आपणच चुकलो! जुन्या लशीच्या सवयीनं रक्त थोडंच पातळ केलं. रंग एवढा चढेल असं वाटलंच नव्हतं ना!”

तिने ते आणखी पातळ केले, मग आणखी. तरी पिवळा रंग हटेना! शेवटी आकडा माझ्या आवाक्यात आला, जुन्या लशीच्या कितीतरी पट! काम बंद करायचे नाव पुन्हा कुणी काढले नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी ती लस वयस्कर माणसांवर तपासायची वेळ आली. ताईच्या वडिलांनी हट्टाने नाव दिले. रक्ताच्या नळ्यांवर नावे नसतात, नुसते क्रमांक असतात. त्यांची नळी कोणती, हे ताईलाही ठाऊक नव्हते आणि मलाही नाही. पण लस घेतलेल्यांचा एकही खळगा कोरा निघाला नाही. ताईने सगळे आकडे वाचले आणि अंगावर नसलेला पदर शोधत शेवटी बाहीनेच डोळे पुसले.

“यातच कुठंतरी माझे बाबा आहेत गं,” ती मला म्हणाली.

म्हणून सांगते मित्रांनो, जुने कुणी भलतेच काही बोलले, तर लगेच त्याला मोडीत काढू नका; आधी साध्या पाण्याने तपासून बघा. आणि माझी काच तेवढी पुसत जा. अजून पुष्कळांचे आईबाबा माझ्यापुढे यायचे आहेत.