गुरुवारी मौन पाळणारी गंगा

सकाळी सव्वासातला कुंडाच्या तळातून पहिला बुडबुडा वर आला आणि दीडशे माणसांनी एकदम हात उंचावले. निम्म्या हातांत मोबाइल होते.

"आली! आली माय!" चौरंगावर बसलेले रंगनाथ महाराज माइकमध्ये गरजले. "काशीहून निघाली, विंध्य ओलांडला, सातपुडा ओलांडला, खडकवासल्याला क्षणभर विसावली आणि आपल्या धायरीत प्रकट झाली! का? भक्तांसाठी! विज्ञानवाले विचारतात, पुरावा काय? अरे, बाटलीत भरून महिनाभर ठेवा. शेवाळ धरणार नाही, किडा पडणार नाही. तुमच्या विहिरीचं पाणी टिकतं का असं? विज्ञानाला पाण्याचं तापमान कळतं. पाण्याचा भाव कळतो का, भाव?"

वाळ्याच्या जुड्या आणि कापराच्या वड्या टाकलेल्या त्या कुंडात झेंडूची फुलं तरंगत होती, माणसं पाय बुडवत होती, त्यातलंच पाणी ओंजळीने पीत होती. पत्र्याच्या मांडवाच्या कडेला नम्रता साळवे उभी होती. कडेवर सव्वा वर्षाची लेक मैत्री, खांद्याला डब्याची पिशवी, बगलेत ऑफिसची फाइल. रोजच्यासारखी ती लेकीला शालनमावशींकडे सोडायला आली होती. दाराला कुलूप होतं. शेजारणीने हसून सांगितलं होतं, "कुंडावर बघा. बारावा दिवस हाय त्यांचा."

शालनमावशी पहिल्याच रांगेत होत्या. लुगडं घोट्यापर्यंत उचलून डावा पाय पाण्यात सोडलेला. नम्रताला बघून त्यांनी हात हलवला. मैत्रीने आईच्या कडेवरूनच त्यांच्याकडे झेप घेतली.

"आली गं माझी मैतू! नम्रता, लेकराला टाळूवर लाव जरा हे."

"नको मावशी. आणि तुम्ही पाय बाहेर काढा आधी. पट्टी कुठंय?"

"सोडली. एकवीस दिवस तीर्थात बुडवायचा, तीर्थच प्यायचं. गोळी न्हाय, इंजेक्शन न्हाय. मदी गोळी घेतली की पुन्हा एकपासून मोजायचं."

मावशींना बारा वर्षांची साखर. दीड महिन्यापूर्वी चप्पल चावून अंगठ्याशी जखम झाली तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, हयगय केलीत तर पाय जाईल. पाण्यातून पाय वर आला तेव्हा अंगठ्याची कड जांभळी पडलेली दिसली. वास आला तो मात्र कापराचा.

याच पायांवर उताणी झोपवून मावशींनी मैत्रीला दीड महिन्याची असल्यापासून न्हाऊ घातलं होतं. नम्रताची बाळंतपणाची रजा संपली त्या दिवशी ती रिक्षात बसून रडली होती आणि मावशी खिडकीतून आत डोकावून म्हणाल्या होत्या, "जा गं बिनघोर. मी हाय ना." आता बिनघोर कसं जायचं?

*

नम्रताची वकिली सिनेमात दाखवतात तशी नव्हती. ती महापालिकेच्या विधी खात्यात होती, आणि तिच्या वाट्याला शहराचं सगळं ओलं काम आलं होतं. पाणी, सांडपाणी, नाले, त्यांच्या काठची बांधकामं. काळा कोट घालून ती बहुतेक वेळा गटारावर युक्तिवाद करायची. तेजस, तिचा नवरा, म्हणायचा, "आमची बायको फार खोल पाण्यातली वकील आहे."

बगलेतली फाइल याच कुंडाची होती. महाराजांचा आश्रम नाल्याच्या पात्रात भराव टाकून बांधलेला. महापालिकेने पाडकामाची नोटीस दिली आणि बरोब्बर तीन आठवड्यांनी गंगामाई प्रकट झाली. मग आश्रमाच्या न्यासाचा सचिव दिग्विजय न्यायालयात गेला. हा जिवंत पवित्र झरा आहे, खोदाई केली तर लुप्त होईल. न्यायालयाने ‘जैसे थे’ आदेश दिला. म्हणजे आश्रमाला हात लावायचा नाही आणि कुंडालाही नाही.

गंगेला नोटिशीची तारीख कशी कळली, हा प्रश्न नम्रताला पहिल्या दिवसापासून टोचत होता. आता तो दातदुखीसारखा ठणकायला लागला.

रविवारी दुपारी मैत्री मांडीवर झोपली. हलायची सोय नाही, म्हणून नम्रताने एका हाताने दाव्याचे कागद पुन्हा चाळायला घेतले. परिच्छेद अकरा. वाचता वाचता ती थबकली.

‘सदर गंगामाई दर गुरुवारी मौन पाळते व त्या दिवशी कुंडातील पाणी भोग म्हणून स्वतः ग्रहण करते. केवळ महाराजांच्या वाढदिवशी, गुरुवार असूनही, तिने मौन सोडून दर्शन दिले. तसेच एका मंगळवारी पापी व्यक्तीचा स्पर्श झाल्याने ती दिवसभर रुष्ट होती.’

गुरुवार! पुण्यात गुरुवार म्हटलं की घराघरातली बाई बुधवारीच पिंप भरून ठेवते. दुरुस्तीच्या कामांसाठी पाणी बंद ठेवायचा वार तो. नम्रताने मांडीवरचं ओझं न हलवता मोबाइलवर महापालिकेची जुनी निवेदनं उघडली. महाराजांचा वाढदिवस गणपतीत आला होता, आणि सणामुळे त्या आठवड्यातली गुरुवारची पाणीबंदी रद्द केलेली होती. रुष्ट मंगळवारी? पंपिंग स्टेशनची वीज गेल्यामुळे धायरी भागाचा पुरवठा दिवसभर खंडित.

सरकारी निवेदनं माणसंसुद्धा धड वाचत नाहीत. ही गंगा मात्र नियमित वाचत होती.

*

"मॅडम, मला आधीच वास येत हुता," संभाजी म्हणाला. हा त्या भागाचा चावीवाला, म्हणजे रस्त्यातले व्हॉल्व्ह उघडून वस्तीला पाणी सोडणारा. वीस वर्षं त्याच्या खांद्यावर ती पुरुषभर उंचीची लोखंडी चावी होती. "ग्रामपंचायतीच्या काळातली जुनी लाइन जाते तिथनं. नकाशात बंद दाखवलीय. आन् तो दिग्विजय आधी काय करायचा, ठावं हाय? नळजोडणीची कामं घ्यायचा."

"आणि गुरुवारी कुंडातलं पाणी कमी होतं ते?"

संभाजीने डोकं खाजवलं. मग त्याचा हात डोक्यावरच थांबला. "आयला! लाइन रिकामी झाली की ती वढून घेती, मॅडम. कुंडाच्या तळाशी पाइपाचं तोंड उघडं असंल तर समदं पाणी उलटं लाइनीत शिरतं. म्हनून शुक्रवारी सकाळी त्या गल्लीतनं गढूळ पाण्याच्या तक्रारी येत्यात!"

शे-दीडशे माणसांचे पाय धुतलेलं पाणी शुक्रवारी लोकांच्या हंड्यात जात होतं.

संध्याकाळी दोघं शालनमावशींच्या घरी गेले. संभाजीने तीर्थाच्या बाटलीतलं थोडं पाणी काचेच्या नळीत घेतलं, खिशातल्या कुपीतून तपासणीच्या औषधाचे दोन थेंब टाकले. पाणी पिवळं झालं.

"बघा मावशी, क्लोरीन," नम्रता म्हणाली. "नळाच्या पाण्यात जंतू मारायला टाकतात ते. म्हणून शेवाळ धरत नाही."

मावशी नळीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात जोडले. "सोनं झालं गं पाण्याचं!"

"अहो मावशी, सोनं कसलं..."

"तू शिकलेली हायेस, नम्रता. तुझं खरंबी असंल. पण आता पंधरा दिवस झाले. एवढं केलेलं वाया घालवू?"

मैत्री त्यांच्या मांडीवर चढून जखमेच्या पायाकडे बोट दाखवत म्हणत होती, "बाऊ, बाऊ." मावशींनी तो पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

परत जाताना नम्रताला येरवड्याचं माहेर आठवलं. छप्पन सालच्या बौद्ध धम्मदीक्षेला तिचे आजोबा नागपूरला पायी आणि मालगाडीने गेले होते. घरात कुणी काही ऐकीव सांगितलं की ते विचारायचे, "ऐकलंस ना? मग तपासलंस का?" पण दुसऱ्याने तपासून सांगितलेलंही शेवटी ऐकीवच. नम्रताला एकदम वाटलं, मावशींचं चुकत नाही. चूक आपली आहे. नळी संभाजीच्या हातात होती.

*

न्यायालयात तिने जागेची पाहणी मागितली, आणि ती गुरुवारीच हवी म्हणाली. दिग्विजयचा वकील हरकत घेऊन उठला, "गुरुवारी गंगामाई मौनात असते!"

"मौनातल्या साक्षीदाराला आम्ही काही विचारणार नाही," नम्रता म्हणाली. "नुसतं बघू."

न्यायाधीशांनी मिशीत हसून जागा पाहून अहवाल देणारा कमिशनर नेमला. बाहेर व्हरांड्यात दिग्विजयने तिला गाठलं. "साळवे मॅडम, तुम्हा लोकांचा देवावर विश्वास नाही, ते माहितीये आम्हाला. पण इतरांच्या भावनांचा तरी विचार करा."

"माझा विश्वास पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकावर आहे, दिग्विजयराव. तुमचाही आहे असं दाव्यावरून दिसतं."

*

गुरुवारी सकाळी अकराला कुंड अर्धं रिकामं होतं. कमिशनर म्हणून आलेले वयस्कर वकील चष्मा पुसत उभे होते. गर्दी रोजच्याहून दुप्पट. शालनमावशी काठी टेकत आल्या होत्या. आज त्यांचा अठरावा दिवस, आणि आता अंगठ्याशेजारचं बोटही काळं पडलं होतं.

नम्रताने त्या भागाच्या टाकीत आदल्या दिवशीच पाणी राखून ठेवायला सांगितलं होतं. ‘जैसे थे’ आदेशात कुंडाला हात लावायला बंदी होती, महापालिकेच्या स्वतःच्या व्हॉल्व्हला नव्हती. तो व्हॉल्व्ह कुंडापासून शंभर पावलांवर, रस्त्याच्या कडेला लोखंडी झाकणाखाली होता.

"आज मौन आहे ना?" नम्रताने मोठ्याने विचारलं.

"मौन म्हणजे मौन!" महाराज माइकमध्ये म्हणाले. "इंद्र आला तरी बोलणार नाही!"

"अकरा वाजून दहा मिनिटांनी बोलेल."

तिने रस्त्याकडे हात केला. तिकडे संभाजीने चावी फिरवली. कुंडाच्या तळातून एक मोठा बुडबुडा आला, मग पाण्याचा उमाळा. गर्दीतून हुंकार उठला, आणि पुढे घडलं ते नम्रताच्या हिशेबात नव्हतं. पागोटं घातलेले एक आजोबा वाकले आणि त्यांनी चक्क तिचेच पाय धरले.

"माय, तुमी तर महाराजांच्या वरचढ निघाला!"

"अहो आजोबा, उठा! मी नाही, व्हॉल्व्ह!"

"व्हॉल्व्हमाता की जय!" मागून कुणीतरी ओरडलं. ती थट्टा होती की श्रद्धा हे पुण्यात सांगणं कठीण. पण दोघी-तिघींनी हात जोडलेच.

महाराजांनी संधी साधली. "पाहा! या बाईची शंका दूर करण्यासाठी मायने मौन सोडलं! माझ्या मंत्राने!"

नम्रताने गर्दीत मावशींना शोधलं. त्यांचा हात धरला. "चला माझ्याबरोबर. टेका माझ्यावर."

शंभर पावलं चालायला त्यांना दहा मिनिटं लागली. निम्मी गर्दी मागे आली. संभाजीने लोखंडी चावी त्यांच्या हातात दिली. "फिरवा मावशी. घड्याळासारखी. जोर लावा."

मावशींनी चावी फिरवली. कुंडाकडून ओरडा आला, "थांबली! माय थांबली!"

"आता उलटी."

"आली! आली!"

मावशींनी चावी घट्ट धरून ठेवली. त्यांच्या कपाळावर घाम होता. संभाजी पुढे झाला तसा त्यांनी त्याला हाताने अडवलं. "थांब. आता मी कुणाला न सांगता फिरविते."

कुंडावर महाराजांचा मंत्र रंगात आला होता. "ये गंगे, ये! माझ्या आज्ञेने ये! अखंड वाहत राहा! अखंड..." मावशींनी ‘अखंड’च्या मध्यावर चावी आवळली. माइकवरचा आवाज दोनदा ‘अखंड’ म्हणाला आणि विझला. मग पंधरा-वीस श्वास जाऊ देऊन, सगळं शांत झाल्यावर, मावशींनी ती उलटी फिरवली. मंत्र नव्हता. तरी माय आली.

"शंभर पावलं," मावशी हळूच म्हणाल्या. "काशीहून न्हाय आली. शंभर पावलांवरनं आली."

"खडकवासल्याहून," नम्रता म्हणाली. "तेवढं एक महाराज खरं बोलले होते."

गुरुवारी कुंडाचं पाणी उलटं नळाच्या लाइनीत शिरतं, हे संभाजी लोकांना सांगत होता. तेवढ्यात गर्दीतली एक बाई कपाळावर हात मारून पुढे आली. शेजारच्याच गल्लीतल्या मालनबाई. "म्हंजी दर शुक्रवारी माझ्या नळाला झेंडूच्या पाकळ्या येत्यात त्या हिथल्या? अगं बया! मी प्रसाद म्हनून देव्हाऱ्यात ठिवल्या. तेच पानी नातवाला पाजलं, त्याला कावीळ झाली, तर पुन्हा हिथलंच तीर्थ नेऊन पाजलं!"

आता कुणी जयजयकार केला नाही. हळूहळू सगळी तोंडं कुंडाकडे वळली. चौरंग रिकामा होता. दिग्विजय महाराजांना गाडीत बसवत होता, पण गाडीसमोर पागोटंवाले आजोबा आडवे उभे राहिले होते.

"जातो कुठं? फिरव की मंत्र. लाव गाडी चालू मंत्रानं."

*

कमिशनरांचा अहवाल गेला आणि पुढच्या तारखेला आदेश उठला. खोदल्यावर कुंडाच्या फरशीखाली जुन्या लाइनीला जोडलेला नवाकोरा पाइप निघाला. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. ते काम आता पोलिसांचं.

शालनमावशींना मात्र त्याच गुरुवारी दुपारी दवाखान्यात नेलं होतं. दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी तीन दिवस गेले असते तर गुडघ्याखाली काहीच उरलं नसतं. एकवीसमधून अठरा वजा केले की तीनच उरतात, हे मावशींनी मनातल्या मनात केलेलं नम्रताला दिसलं.

नम्रता लेकीला घेऊन भेटायला गेली तेव्हा नर्स गोळी घेऊन उभी होती आणि मावशी तिला सोडत नव्हत्या. "ही कशाची? पोटात जाऊन काय करती? आन् न घेतली तर काय हुतं?"

"काकू, सकाळपासून प्रत्येक गोळीला हेच चाललंय तुमचं."

"चालायचंच. आता मी चावी बघितल्याबिगर पानी पीत न्हाय."

नर्सने कंटाळून, पण नीट, सगळं सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि गोळी गिळली. मैत्री पलंगावर चढून पट्टी बांधलेल्या पायावर अलगद फुंकर घालत होती. मावशींनी तिला जवळ ओढलं.

"मैतू, तू मोठी झालीस ना, की कुनी कायबी चमत्कार दाखवला तर खुशाल बघ. मजा वाटंल. पण हात जोडायच्या आधी वाकून बघ, पाइप कुठनं आलाय. दिसला न्हाय तर विचार. विचारलं म्हनून कुनी रागावला, तर समज, पाइप हाय."