हँडगिअर

अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत जयवंत परुळेकरचा गाळा होता. गाळ्यात शिरणाऱ्या प्रत्येक माणसाला जयवंत आधी चपलांपासून केसांपर्यंत असा न्याहाळायचा, की माणूस आपोआप आवाज खाली करून बोलायला लागायचा. चाळीस वर्षं त्याने काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांचे हँडगिअर बसवले होते. स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला बारीकशी दांडी, दोन बोटांनी ढकलली की गिअर पडला पाहिजे, लोण्यात सुरी गेल्यासारखा. त्या टॅक्स्या भंगारात गेल्या आणि जयवंतच्या दृष्टीने जगातलं शहाणपणही त्यांच्याबरोबर भंगारात गेलं. आता यायच्या त्या प्लास्टिकच्या बंपरच्या गाड्या, आणि त्यांचे मालक मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यालाच मेस्त्रीकी शिकवणारे. दोघांनाही नावं ठेवत तो पोट भरत होता.

एका सोमवारी गाळ्यासमोर एक पांढरी पिकअप थांबली. दार उघडलं, आधी मासळीचा वास उतरला आणि मागून बाई उतरली. पन्नाशीच्या आतबाहेरची, ड्रेसवरची ओढणी कमरेला गच्च आवळलेली, पायांत रबरी बूट.

"मेस्त्री तूच ना?" ती म्हणाली. "हा खालचा दांडा काढ आणि वर स्टिअरिंगला लाव."

पहिल्याच वाक्यात 'तू'. जयवंतने पाना खाली ठेवला नाही.

"बाई, हा पिकअप आहे. टॅक्सी नाय."

"दिसतंय मला."

"कंपनीने विचार करून तो दांडा तिथे ठेवलाय."

"कंपनीने विचार केला तेव्हा माझी नणंद मध्ये बसली नव्हती."

नणंद केबिनमध्ये मधोमध बसलेलीच होती. जानकी तिचं नाव, आणि ही वनमाला वैती, खारदांडा कोळीवाड्याची, तिच्या तोंडी नुसता 'दांडा'. रोज पहाटे दांड्याला मासळी भरायची, वनमालाने गाडी हाकायची आणि जानकीने बोरिवलीच्या बाजारात बसून विकायची, असा दोघींचा धंदा. गेल्या वर्षी जानकीच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून पाय नीट दुमडत नव्हता. दाराकडे बसली की गुडघा डॅशबोर्डवर आपटायचा. मध्ये पाय सरळ सोडता यायचा, पण तिथे गिअरचा दांडा. दुसरा आणि चौथा गिअर टाकताना दर वेळी तो दांडा जानकीच्या ऑपरेशनवर यायचा.

"मग नणंदेला रिक्षाने पाठवा," जयवंत म्हणाला.

"आणि पाट्या कोण उतरवणार, तू?" आतून जानकी बोलली.

"आरटीओचं काय ते मी बघते," वनमाला म्हणाली. "तू गिअर कर. जमत नसेल तर तसं बोल. पवईच्या रस्त्याला एक नवीन एसी गॅरेज हाय. तो म्हणाला, बघतो."

ते गॅरेज जयवंतला ठाऊक होतं. तिथले मेस्त्री पांढरे हातमोजे घालून बॉनेट उघडायचे. हातमोजे घालून हँडगिअर! त्याने पाना खाली ठेवला.

"गाडी आत घ्या," तो म्हणाला.

काम तीन दिवस चाललं. माळ्यावरून त्याने जुन्या टॅक्सीची स्टिअरिंगची नळी काढली, दांडी घासून चकचकीत केली. गिअरबॉक्सवरचा दांडा उपटला, तिथे दोन हात, म्हणजे लोखंडी पट्ट्या, बसवले, तसेच दोन स्टिअरिंगच्या बुडाशी, आणि त्यांच्यामध्ये दोन लोखंडी सळ्या नेल्या. एक सळई गिअरची रांग निवडणारी, दुसरी त्या रांगेत पुढे-मागे ढकलणारी. केबिनच्या तळातल्या भोकावर पत्र्याचं झाकण मारलं. टॅक्सीत तो हेच करत आला होता.

भाड्याच्या टेम्पोने बाजार उरकला की वनमाला रोज यायची आणि उलट्या क्रेटवर बसून बघत राहायची. नुसती बघायची नाही, विचारायचीसुद्धा. ही सळई कशाला, तो हात कुठे फिरतो, अडकलं तर कुठे अडकेल.

"तुम्हाला कळून काय उपयोग?" जयवंत म्हणाला.

"गाडी माझी हाय."

"जरा लांब बसा. वास येतोय."

वनमालाने क्रेट उचलला आणि हातभर जवळ आणून ठेवला.

गुरुवारी दुपारी काम झालं. दांडी खरोखर दोन बोटांनी हलत होती. वनमालाने हलवून बघितली आणि म्हणाली, "उद्या सकाळी सहाला दांड्याला ये. भरलेली गाडी चालवून बघ. मगच मी हो म्हणेन."

"माझ्या कामाला बोंबलांचा दाखला लागत नाय," जयवंत म्हणाला. ज्या गाडीत बर्फाचं पाणी आणि खवले सगळीकडे पसरलेले असतात, त्या गाडीत सकाळी सकाळी बसायचं, तेही दोन कोळणींच्या मध्ये किंवा बाजूला, ही कल्पनाच त्याला शिसारी आणत होती. त्याने रिकामी पिकअप काढली, एमआयडीसीच्या सपाट रस्त्यांवर एक चक्कर मारली आणि किल्ली तिच्या हातात टेकवली. "चाळीस वर्षं करतोय मी हे," तो म्हणाला. तिने किल्ली ओढणीच्या गाठीत बांधली. त्याला वाटलं, हरली.

शनिवारी सकाळी अकराला पिकअप परत गाळ्यासमोर उभी. वनमालाच्या उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं आणि फडक्याला ग्रीस आणि रक्त दोन्ही लागलेलं.

"गोरेगावच्या पुलावर," ती म्हणाली. "चढावर तिसऱ्यातून दुसरा टाकायला गेले. गिअर ना आत, ना बाहेर. अडकला तो अडकलाच. मागे बस, बसच्या मागे अख्खी मुंबई बोंबलतेय."

"तुम्हाला टाकता आला नसेल. हँडगिअरला हात लागतो. फावडं नाय ते."

"जॅकचा दांडा घेऊन बॉनेट उघडलं," तो बोललाच नाही अशा थाटात ती पुढे सांगत राहिली, "आणि स्टिअरिंगच्या बुडाशी तू बसवलेल्या त्या हाताला दोन टोले घातले, तू बुधवारी घातलेस तिथेच. सुटला. तोवर तास गेला. चार पाट्या बोंबील, पाणी झालं सगळ्यांचं."

जयवंत बुधवारी तिथेच टोले घालत होता, हे खरं होतं. क्रेटवर बसून तिने तेवढं उचललं होतं. त्याला ते आवडलं नाही.

"चालवणाऱ्याची चूक," तो पुन्हा म्हणाला.

तेव्हा केबिनमधून जानकी बोलली. तिचा आवाज शांत होता, आणि म्हणूनच जयवंतला तो जास्त टोचला. "मेस्त्री, मी मध्ये बसते. दांडी माझ्या डोळ्यांसमोर असते. चढ लागला की ती आपली आपण हलते. कोण हात लावत नाय तरी थरथरते. माशाची शेपटी कशी, तशी."

दांडी आपोआप हलते म्हणजे काय, हे त्याला त्या बाईपेक्षा जास्त कळत होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "उद्या येतो. सहाला. बघतो तुमचं काय ते."

"आमचं नाय," वनमाला म्हणाली. "तुझं."

रविवारी तो दांड्याला पोचला तेव्हा गाडी भरून तयार होती. पापलेट, कोळंबी, मांदेली, वर बर्फाच्या लाद्या. मागचे टायर दबलेले. जयवंत इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. जाळी उपसणारे दोघे-तिघे त्याच्याकडे बघून हसले, आणि आपल्याकडे कोणी असं बघितलेलं त्याला फार वर्षांत आठवत नव्हतं. तो दाराकडे बसला, मध्ये जानकी पाय पसरून. त्याने तिच्या पायाशी वाकून पत्र्याचं झाकण खोललं आणि भोकातून टॉर्च मारला.

हायवेपर्यंत सगळं ठीक होतं. जोगेश्वरी सोडली. गोरेगावचा चढ लागला आणि वनमालाने ॲक्सिलरेटर दाबला.

खाली ते डिझेल इंजिन आपल्या रबरांवर असं उचललं गेलं, जसा झोपेतून रेडा उठावा. गिअरबॉक्स त्याच्याबरोबर तिरका झाला. पण सळ्यांचं एक टोक गिअरबॉक्सला आणि दुसरं गाडीच्या सांगाड्याला. त्या कुठे जाणार? त्या ताठ उभ्या राहून गिअरबॉक्सशी भांडत होत्या. धक्का बसला की सळई ढकलली जात होती, दोन्ही हात एकमेकांत शिरायला बघत होते. पाव इंच इकडे-तिकडे झालं की काम संपलं. टॅक्सीचं ते चिमुकलं पेट्रोल इंजिन, त्यात तीन-चार माणसं आणि एखादी ट्रंक. तिथे हे कधी दिसलंच नव्हतं. आणि इथे दिसावं म्हणून भरलेली गाडी लागत होती.

त्याने टॉर्च विझवला.

"दिसलं?" वनमालाने समोर बघतच विचारलं.

"दिसलं."

"काय?"

"इंजिन नाचतं." "सळई नाचत नाय."

"मग सळई कशाला घातलीस? आमच्या होडीचं इंजिन तर ताशा वाजल्यासारखं नाचतं. तिथे सळई कोण लावतो? जाड वायर असते. ढकलली की जाते, ओढली की येते. वाकडी-तिकडी ने, तिला काय फरक नाय."

"होडी आणि गाडीत फरक असतो, बाई."

"हाय ना. होडीत चुकला तर माणूस बुडतो."

जानकी खुदकन हसली. जयवंत वाकून झाकण परत बसवू लागला.

बोरिवलीच्या बाजारात तो दुपारपर्यंत एका क्रेटवर बसून होता. जानकी पाय पसरून, कोयता चालवत, गिऱ्हाइकांना झापत मासळी विकत होती. जयवंतकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. पहिला तासभर तो मनातल्या मनात त्या बाजाराला, त्या होडीला, त्या वायरला शिव्या घालत होता. मग शिव्या आटल्या. खरं तर वायर त्याला माहीत नव्हती असं नव्हतं. नव्या गाड्यांच्या गिअरला वायरच असते. त्या गाड्यांची त्याला किळस होती, म्हणून वायरचीही होती. सळई हे कारागिराचं काम आणि वायर म्हणजे आळशांची सोय, असं तो सगळ्यांना सांगत आला होता. आणि मासळीच्या वासाला नाक मुरडून एक फेरी टाळली, म्हणून ही बाई भर पुलावर, बसच्या तोंडाशी, हात सोलून घेत बॉनेटखाली वाकली होती. तो स्वतःवर थुंकला असता, पण खाली कुणाची तरी सुरमई ठेवलेली होती.

बारा वाजता तो उठून वनमालाकडे गेला.

"ती वायर कुठे मिळते?"

तिने 'बघ, मी म्हटलं होतं' असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. "दांड्यालाच," ती म्हणाली. "लांबी किती हवी ते माप. भरल्या गाडीत माप."

दोन्ही सळ्या त्याने स्वतःच्या हाताने काढून कोपऱ्यात फेकल्या. होडीच्या दोन वायरी आल्या, बोटभर जाड, काळ्या. त्यांना नवीन क्लॅम्प बनवावे लागले. एक वायर सायलेन्सरच्या फार जवळून जात होती. ते वनमालाने दाखवलं आणि त्याने तोंडातल्या तोंडात मालवणीतून काहीतरी पुटपुटत ती फिरवून घेतली. वायरीचं एक टोक तो आवळत असताना दुसरं टोक ती धरून बसायची. "ताणू नको गो," एकदा त्याच्या तोंडून गेलं. तीही लगेच म्हणाली, "ताणत नाय रे. तू आवळ."

बुधवारी सकाळी तो पुन्हा सहाला दांड्याला हजर होता, या वेळी मळक्या शर्टात. गोरेगावचा पूल आला. खाली इंजिन तसंच रेड्यासारखं उठलं. वायरी त्याच्याबरोबर वाकल्या, सरळ झाल्या. दांडी जागची हलली नाही. वनमालाने तिसऱ्यातून दुसरा टाकला. टॅक्सीइतका मऊ नाही पडला, जरा जड पडला, पण पडला. जानकीने तेव्हा धास्तीने डोळे मिटून घेतले होते, ते निवांत झोप लागून बोरिवली येईपर्यंत उघडले नाहीत.

"झकास नाय," वनमाला म्हणाली. "पण चालेल."

बाजारात गाडी लावली तेव्हा शेजारच्या पिकअपचा मालक, नितेश नावाचा इसम, खिडकीतून आत डोकावला. "आयला, वर गिअर? कोणी केलं?"

"आम्ही दोघांनी," वनमाला पाटी उतरवत म्हणाली.

जयवंतचं तोंड उघडलं. चाळीस वर्षांत त्याच्या कामात कोणी वाटेकरी झालेला नव्हता. मग त्याने ते मिटलं आणि दोन पाट्या खाली घेतल्या.

पंधरा दिवसांनी नितेश अंधेरीच्या गाळ्यात आला. जयवंतने त्याला चपलांपासून केसांपर्यंत बघितलं, त्याच्या गाडीला बघितलं, सीटवरच्या वाघाच्या कातड्यासारख्या कव्हरला बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"रिकामी आणलीस?"

"मग काय मेस्त्री, कामाला आणलीय ना."

"परत ने. उद्या माल भरून आण. रिकाम्या गाडीवरून ज्याला सगळं कळतं, असा मेस्त्री हवा असेल तर पवईला जा. तिथे हातमोजे घालतात."

नितेश कुरकुरला, एवढ्या लांबून आलोय म्हणाला. जयवंतने त्याच्याकडे पाठ केली आणि टायरवरची मापाची टेप उचलून उद्याच्या भरल्या गाडीसाठी खुंटीला टांगली.